काही सापडलं नाही, मग नोंद कसली? (नाकाबंदी, अंगझडती आणि आपण)

बोरूबहाद्दर:

गेल्या शनिवारची गोष्ट. बहिणीकडे जेवून मी आणि भाचा (वय १९, इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष) दुचाकीवरून घरी निघालो होतो. रात्रीचे सव्वाअकरा. चौकात बॅरिकेड आडवे लावलेले, चारपाच पोलीस. गाडी थांबवली आणि मी काही बोलायच्या आत एका हवालदाराने किल्ली काढून खिशात टाकली. लायसन्स, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी सगळं दाखवलं. हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर. मला वाटलं, झालं.

मग डिकी उघडायला लावली. आत रेनकोट आणि बहिणीने दिलेल्या अर्धा किलो चकल्या. पिशवीची गाठ सोडून चकल्या बघितल्या. मग दोघांचे खिसे. मग भाच्याला म्हणाले, "मोबाईल अनलॉक कर." त्याने माझ्याकडे बघितलं. मी विचारलं, "साहेब, मोबाईल कशाला?" उत्तर आलं, "काही लपवायचंय का?" पोराने घाबरून अंगठा टेकवला. व्हॉट्सअ‍ॅप, मग गॅलरी. त्यात माझ्या मुलीचे, म्हणजे त्याच्या मामेबहिणीचे, ट्रिपचे फोटो. ते अंगठ्याने सरकवत बघत उभे. पाचसात मिनिटांनी किल्ली परत. "जावा."

कुणी शिवी दिली नाही, हात उगारला नाही, पैसे मागितले नाहीत. हे मुद्दाम लिहितोय. नेमप्लेट मात्र दिसली नाही, वरून जॅकेट होतं.

झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. म्हटलं, तक्रार नाही, फक्त एवढं सांगा की काल माझी आणि भाच्याची झडती कशावरून घेतली आणि ती कुठे लिहिलीय. ठाणे अंमलदार वयस्क होते, बसा म्हणाले, पाणी दिलं. मग म्हणाले, "काही सापडलं का?" नाही. "मग नोंद कसली, काका?"

त्या दिवसापासून हे वाक्य डोक्यात घुमतंय. जाणकारांनी सांगावं, त्यांना एवढा अधिकार आहे का? आणि असेल तर तो वापरल्याचा काही मागमूस कुठे राहतो का?

रोखठोक:

पाच मिनिटं गेली तुमची. त्यावर एवढा मोठा निबंध? गिरगाव चौपाटीला २६/११ च्या रात्री नाकाबंदी नसती तर अतिरेक्यांची ती स्कोडा कुठवर गेली असती? तुकाराम ओंबळे हातात फक्त लाठी घेऊन उभे होते, त्यांनी रायफलची नळी धरून ठेवली म्हणून कसाब जिवंत सापडला. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही त्याला कसला त्रास?

चिंतातुर_आई:

रोखठोक, ओंबळेंपुढे आपण सगळेच नतमस्तक आहोत. पण त्या रात्री शहरात गोळीबार चालू होता आणि गाडीबद्दल वायरलेसवर सूचना आलेली होती. शनिवारी रात्री चकल्यांबद्दल कुठली सूचना आली होती? आणि लपवण्यासारखं म्हणाल तर माझ्या मुलीचे फोटो अनोळखी माणसाने चाळणं मला चालणार नाही. त्यात लपवण्यासारखं काही नसलं तरी.

काळाकोट:

वकिली करते, फौजदारी बाजूला. सोयीसाठी तुकड्यातुकड्याने लिहिते.

कागदपत्रं: मोटार वाहन कायद्याचं कलम १३०. गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितलं की लायसन्स दाखवावंच लागतं. डिजिलॉकरमधलं चालतं. किल्ली काढून घेण्याचा अधिकार देणारं कलम मला तरी अजून सापडलेलं नाही. गाडी अटकावून ठेवायची तर कलम २०७ आहे, त्याची कारणं आणि रीत ठरलेली आहे.

अंगझडती: इथे गोम आहे. 'रस्त्यावरच्या कुणालाही थांबवून त्याचे खिसे तपासा' असा सरसकट अधिकार आपल्या फौजदारी प्रक्रियेत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं ५१) अंगझडतीचं आहे, पण ते अटक झालेल्या माणसासाठी. बाईची झडती बाईनेच, सभ्यता पाळून घ्यायची, हेही तिथेच. कलम १८५ (जुनं १६५) जागेच्या झडतीचं. त्यात अधिकाऱ्याने आधी कारणं लेखी नोंदवायची आणि त्याची प्रत ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. म्हणजे तुमच्या घरात शिरायचं तर कागद हवा, तुमच्या खिशात शिरताना कुणी कागदाचं नावही काढत नाही. गंमत आहे ना?

रस्त्यावरच्या झडतीचे अधिकार येतात ते विशेष कायद्यांतून. अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ४३ सार्वजनिक जागेसाठी आहे, पण तिथेही 'असं मानायला कारण' लागतं, नुसती लहर चालत नाही. त्याच कायद्याचं कलम ५० प्रत्येकाने पाठ करावं: अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्या, असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि तो हक्क आहे हे पोलिसांनीच तुम्हाला सांगायचं असतं. बलदेव सिंग (१९९९) आणि विजयसिंह जडेजा (२०१०) या निकालांनी ते पक्कं केलं. मात्र पवनकुमारच्या निकालाने (२००५) हातातली पिशवी म्हणजे 'अंग' नव्हे असं ठरलं. त्यामुळे चकल्यांना कलम ५० चं संरक्षण नाही. :)

मोबाईल: रस्त्यात उभं करून, गुन्हा दाखल नसताना, अनलॉक करायला लावून चाळणं कुठल्याही कलमात बसत नाही. तपासात पुरावा म्हणून फोन मागवता येतो, जप्त करता येतो, पण त्याला गुन्हा लागतो, कागद लागतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये हैदराबादेत पोलीस लोकांना थांबवून चॅटमध्ये 'गांजा' शब्द शोधत होते, त्याचे व्हिडिओ देशभर फिरले. खासगीपणा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितल्यानंतरची ही गोष्ट.

तुमच्या भाच्याने 'संमती' दिली असं ते म्हणतील. किल्ली दुसऱ्याच्या खिशात असताना दिलेली संमती.

मुद्रितशोधक:

अवांतर: 'झडती' हा शब्द झाडणे-झडणे याच घरातला. धान्य झाडून बघावं तसं माणूस झाडून बघायचा. इंग्रजीतल्या 'सर्च'ला ही मजा नाही. चालू द्या.

माजी_अंमलदार:

३१ वर्षं खात्यात काढून निवृत्त झालोय. दोन्ही बाजू सांगतो, पटलं तर घ्या.

नाकाबंदीचा हुकूम वरून येतो. रात्री ११ ते २, अमुक पॉइंट. सकाळी आठला ड्युटीवर आलेला माणूसच तिथे उभा असतो, कारण दुसरा माणूस नसतो. एक पीएसआय, तीनचार अंमलदार. पावसाळ्यात रेनकोट, थंडीत जॅकेट, त्याखाली नेमप्लेट झाकली जाते. नेहमी मुद्दाम नसतं, पण कधीकधी असतंही, खोटं कशाला बोलू? या नाकाबंदीत चोरीच्या गाड्या सापडतात, कोयते सापडतात, तडीपार केलेला शहरात फिरताना सापडतो, हे मी हाताने पकडलंय.

आता नोंदीचं. धागालेखकाला मिळालेलं उत्तर अर्धंच खरं आहे. आकडा जातो. नाकाबंदी उठली की कंट्रोलला कळवायचं असतं, किती वाहनं तपासली, किती केसेस, किती दंड. सकाळी पेपरात येतं ना, 'ऑल आऊट ऑपरेशन, इतकी वाहने तपासली', ते तिथूनच. पण तो आकडा कामगिरीचा. कुणाला थांबवलं, का थांबवलं, खिसे तपासले की नुसते कागद, याचा रकाना मी ३१ वर्षांत पाहिला नाही. आणि तो आकडा तरी कसा बनतो? रात्री दीडला साहेब विचारतात, "मागच्या वेळी किती दाखवले होते?" त्यात दहावीस घालून वही बंद.

मोबाईल बघणं चूक. आमच्या वेळी मोबाईल नव्हते म्हणून आम्ही सुटलो.

बोरूबहाद्दर:

माजी_अंमलदार, मनापासून आभार. खात्यातल्या माणसाने इतकं मोकळं लिहिलेलं क्वचित वाचायला मिळतं. तुम्ही सांगितलेल्या त्या रकान्यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकतोय.

हॅरोवाला:

लंडनमध्ये १४ वर्षं. इथे हा विषय म्हणजे घरोघरचं भांडण आहे, म्हणून लिहितो.

इथे १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यात एक कलम होतं, लोक त्याला 'सस' म्हणायचे. नुसत्या संशयावरून रस्त्यात धरायचे, आणि धरली जायची ती बहुतेक काळी पोरं. १९८१ च्या एप्रिलमध्ये ब्रिक्स्टनमध्ये साध्या वेशातल्या पोलिसांनी काही दिवसांत हजाराच्या आसपास लोकांना थांबवलं आणि दंगल पेटली. त्यावर लॉर्ड स्कारमन यांचा अहवाल आला, ते 'सस' कलम त्याच वर्षी गेलं आणि १९८४ मध्ये नवा पोलीस कायदा आला. त्यात झडतीचा अधिकार स्पष्ट दिला, पण अटी घालून. झडतीआधी पोलिसाने सांगायचं: माझं नाव, माझं ठाणं, कुठल्या कायद्याखाली, कशाच्या शोधात, संशय कशावरून, आणि तुला नोंदीची प्रत मागता येते. प्रत तीन महिन्यांपर्यंत मागता येते. काही सापडो न सापडो, नोंद होते.

माझ्या मुलाला गेल्या वर्षी स्टेशनबाहेर थांबवलं होतं. घरी आला तो हातात चिठ्ठी घेऊन. ती अजून फ्रिजवर चुंबकाने लावलेली आहे, त्यानेच लावली, रागाने. तिच्यावर कारणाच्या रकान्यात लिहिलंय की वर्णन जुळत होतं. कुणाचं वर्णन, कसलं, काही नाही.

म्हणजे चिठ्ठीने अन्याय थांबतो असं नाही. काळ्या माणसाची झडती होण्याचं प्रमाण गोऱ्याच्या चौपटीच्या आसपास आहे आणि दहातल्या सात झडत्यांत पुढे काहीच होत नाही. शिवाय कलम ६० म्हणून एक भानगड आहे: इन्स्पेक्टरने एखादा भाग ठरावीक तासांसाठी जाहीर केला की तिथे संशयाचीही गरज नाही. पण हे 'चौपट' मला कळलं कुठून? त्या चिठ्ठ्यांची बेरीज सरकारच दरवर्षी छापतं म्हणून.

रोखठोक:

त्यांच्याकडे पोलीस किती, लोकसंख्या किती? आपला हवालदार १४ तास उभा. त्याने प्रत्येकाला चिठ्ठी लिहून द्यायची? रांग लागेल मैलभर.

हॅरोवाला:

वाजवी प्रश्न. पण चिठ्ठी कागद तपासण्यासाठी नाही, झडतीसाठी. ५०० गाड्या थांबवल्या तर खिसे किती जणांचे तपासता? चिठ्ठी लिहायचा कंटाळा येऊन २० झडत्या कमी झाल्या तर मला वाईट वाटणार नाही.

न्यूयॉर्कचं उदाहरण बघा. तिथे पोलिसांना प्रत्येक थांबवण्यामागे एक फॉर्म भरावा लागायचा. २०११ या एका वर्षात ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवलं, दहातले जवळपास नऊ ना अटक ना समन्स, तसेच सोडले. २०१३ मध्ये न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ज्या पद्धतीने हे चाललंय ते घटनाबाह्य ठरवलं, ते पोलिसांनी स्वतःच भरलेल्या फॉर्मांच्या आधारावर. २०१८ पर्यंत तो आकडा ११,००० वर आला होता. शहर काही बुडालं नाही.

डबलसीट:

मी डिलिव्हरी करतो. रात्रीची शिफ्ट. आठवड्यात तीन वेळा तरी थांबवतात. कार फार कमी. मोठी कार आली तर काच खाली, टॉर्च आत, जाऊ द्या. आमची बॅग पूर्ण उघडायला लावतात, थंडीत पदार्थ गार होतो आणि ऑर्डरची वेळ अ‍ॅपमध्ये पळत असते. मी कायदा सांगितला तर अजून दहा मिनिटं. म्हणून कायदा माहीत असून उपयोग नाही, आमचं मीटर चालू असतं.

आश्रमशाळा_मास्तर:

इतका वेळ नुसतं वाचत होतो.

मी पारधी समाजातला. तुमच्या धाग्यात शनिवारी रात्री जे झालं ते आमच्याकडे दिवसाढवळ्या, एसटी स्टँडवर, बाजारात होतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी आमच्यासारख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं ठेवली, हजेऱ्या घेतल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, म्हणून आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. मग १९५९ ला मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला. नाव बदललं, वहीतली पानं बरीच तीच राहिली.

हॅरोवाला साहेबांनी 'सस' सांगितलं. आपल्या महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम १२२ वाचा: सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडणं. कलम १२४ वाचा: चोरीचा वाटेल असा माल जवळ असणं आणि त्याचा समाधानकारक खुलासा न देता येणं. समाधान कुणाचं? समोर उभा असलेल्याचं. म्हणून शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक पोराला मी दाखल्याबरोबर एक गोष्ट सांगतो, नवा मोबाईल, नवं घड्याळ, नवी सायकल, जे घ्याल त्याचं बिल प्लास्टिकच्या पिशवीत घालून अंगावर ठेवा. एका पोराने पहिल्या पगारातून आईला पैंजण घेतले. गावी येताना बिल त्याच्या खिशात होतं आणि पैंजण सॅकमध्ये. झडतीत बिल आधी बाहेर आलं म्हणून वीस मिनिटांत सुटला.

काळाकोट:

मास्तर, तुमच्या प्रतिसादानंतर कलमं सांगायला संकोच वाटतो. तरी दाद कुठे मागायची हे कुणीतरी विचारेलच.

त्याच महाराष्ट्र पोलीस कायद्यात कलम १४७ आहे. विनाकारण, त्रास देण्यासाठी कुणाची झडती घेणं, अडकवून ठेवणं हा पोलिसाचा गुन्हा: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा १९५१ चा, पाचशे रुपयेही १९५१ चेच. अमली पदार्थ कायद्यात कलम ५८ आहे, तिथेही सहा महिने, दंड हजारापर्यंत. कामावर असताना केलेल्या कृत्यासाठी खटला भरायचा तर सरकारच्या मंजुरीचा मुद्दा उभा राहतो. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं धरायचं, एवढी सुधारणा झालीय.

दुसरा रस्ता पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ ला सांगितलं, राज्यात एक आणि प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण करा. आपल्याकडे २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभागाला एक. गडचिरोलीच्या माणसाने नागपूर गाठायचं. त्यांच्या कक्षेत कोठडीतले मृत्यू, खंडणी, बेकायदा अटक अशा गंभीर गोष्टी येतात. 'अधिकाराचा गैरवापर' हा शब्दही आहे, त्यात मोबाईल चाळणं बसवता येईल, पण पुरावा विचारतील.

आणि मूळ दुखणं हे की पूरणमल खटल्यापासून (१९७४) आपल्याकडे बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही सहसा बाद होत नाही. कलम ५० सारखे थोडे अपवाद सोडले तर झडती नीट न घेतल्याची किंमत पोलिसांना न्यायालयात मोजावी लागत नाही. मग नीट कोण घेईल?

मी_पणजीकर:

गोव्यात तक्रार प्राधिकरण २००७ पासून आहे. आमच्याकडे पर्यटकांच्या भाड्याच्या दुचाक्या थांबवणं हा वेगळाच मोसमी उद्योग आहे, त्यावर नवा धागा काढावा लागेल.

चिंतातुर_आई:

काळाकोट, पुरावा म्हणजे व्हिडिओ ना? आपण शूटिंग करू शकतो का? आमचे हे म्हणतात, केलं तर सरकारी कामात अडथळा लावतील.

काळाकोट:

सार्वजनिक रस्त्यावर, अंतर राखून, मध्ये न पडता चित्रण करायला मनाई करणारा सरसकट कायदा नाही. ठाण्यात चित्रण केलं म्हणून शासकीय गुपित कायदा लावलेलं प्रकरण नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये रद्द केलं, पोलीस ठाणं हे त्या कायद्यातलं 'निषिद्ध ठिकाण' नाही म्हणून. तुमचे 'हे' म्हणतात ती भीती अगदी खोटी नाही, पण मध्ये न पडता उभ्या असलेल्या माणसाने अडथळा कसला केला, हे त्यांनाच सिद्ध करावं लागतं.

आणि कॅमेरा कधीकधी कुणाच्या हातात नसतोही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत कलिन्याला झडती घेताना पोलीसच माणसाच्या खिशात काहीतरी घालताहेत असं सीसीटीव्हीत दिसलं. खार ठाण्याचे चौघे निलंबित झाले. तो कॅमेरा तिथे नसता तर पंचनामा काय म्हणाला असता?

माजी_अंमलदार:

पंचनाम्याचा विषय निघालाच आहे तर... रात्री अकराला पंच मिळत नाहीत. कोर्टाच्या खेपा कुणाला हव्यात? मग पानटपरीवाला, रिक्षावाला, ठरलेले पंच. एकच माणूस चार केसमध्ये पंच निघाला की बचावाचे वकील त्याची साल काढतात, आणि ते बरोबरच आहे.

आता नव्या संहितेत कलम १०५ आलंय, जागेची झडती आणि जप्ती यांचं मोबाईलवर चित्रण करून दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं. माझा पुतण्या नोकरीत आहे, तो वैतागतो, नेटवर्क नाही, बॅटरी नाही. पण तोच म्हणाला, "काका, कॅमेरा चालू केला की आपला आवाज आपोआप खाली येतो." मात्र ते जागेच्या झडतीला आणि जप्तीला. रस्त्यावर खिसे तपासले आणि काही जप्त झालंच नाही तर कॅमेराही नाही.

रोखठोक:

एवढं मान्य करतो की नेमप्लेट दिसली पाहिजे. डी. के. बसूच्या निकालात (१९९६) अटक करणाऱ्याने नावाची पाटी लावावी असं आहेच, मग नाकाबंदीला काय हरकत आहे? बाकी माझं मत कायम.

बोरूबहाद्दर:

महिन्याने धागा वर काढतोय. माहिती अधिकाराचं उत्तर आलं, मुदतीच्या शेवटच्या दिवशी. तीन प्रश्न होते. त्या रात्री त्या चौकात तपासलेली वाहनं किती? उत्तर: १४०. नेमकी १४०. (माजी_अंमलदार हसतील.) अंगझडती किती जणांची घेतली आणि कुठल्या कारणाने? उत्तर: 'अशा स्वरूपाची माहिती या कार्यालयात ठेवली जात नाही.' मोबाईल तपासण्याबाबतचा आदेश असल्यास प्रत द्यावी. उत्तर: 'निरंक.'

'निरंक' हा कागद मी जपून ठेवलाय. आदेश नाही हे त्यांनीच लिहून दिलंय. प्राधिकरणाकडे तक्रार करतोय, काळाकोट यांनी मसुदा तपासून दिला, फी विचारली तर म्हणाल्या, चकल्या पाठवा. भाचा मात्र तक्रारीत स्वतःचं नाव घालायला तयार नाही. पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन बाकी आहे म्हणतो. बहिणीचंही तेच म्हणणं. जबरदस्ती करत नाही, माझ्या एकट्याच्या नावाने जाईल.

माजी_अंमलदार:

१४०! वही कुणी बंद केली असेल ते डोळ्यासमोर आलं.

डबलसीट:

हा धागा वाचून काल पहिल्यांदा विचारलं, "साहेब, तुमचं नाव?" त्यांनी एक क्षण माझ्याकडे बघितलं आणि जॅकेटची चेन खाली ओढून पाटी दाखवली. मग म्हणाले, "आता तुझं सांग." सांगितलं. बॅग उघडली, बिर्याणी होती, बंद केली. "जा, पावसात जपून." एवढंच.

ऑर्डर ११ मिनिटं उशिरा पोचली. एक स्टार.